ड्रोन हल्ला म्हणजे काय? टार्गेट कसं शोधतात, कसं ओळखतात आणि चूक कुठे होते

जळगाव-धुळ्याकडे ड्रोन आता नवलाईचा राहिलेला नाही. कापसावर फवारणी करणारा ड्रोन पाहिलेला असतो, लग्नाच्या वरातीवर शूटिंग करणारा तर हमखास पाहिलेला असतो. पण बातमी येते, "ड्रोन हल्ल्यात दहशतवादी म्होरक्या ठार", तेव्हा प्रश्न पडतो की हा ड्रोन नेमका कोणता? तो कुठून चालवतात? हजारो किलोमीटर लांब बसलेल्या माणसाला खाली कोण आहे हे कळतं कसं? आणि माणूस चुकीचा निघाला तर?

या लेखात हे सगळं आपण एका खऱ्या केसमधून समजून घेऊया. केस आहे इलियास काश्मिरीची. त्याचा माग काढताना पुणे आणि मुंबईचं नाव येतं, म्हणून आपल्यासाठी ही केस जवळची आहे.

थोडक्यात सांगायचं तर:

• हल्ल्याचा ड्रोन हे बिनपायलटचं विमान असतं, खेळणं नाही.
• क्षेपणास्त्र सोडणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे समोरचा माणूस तोच आहे का, हे ठरवणं.
• या ओळखीत मोबाईल फोनचा वाटा मोठा असतो. आणि फोन माणसाची नाही, फोनचीच ओळख सांगतो.

शेतातला ड्रोन आणि हल्ल्याचा ड्रोन

दोघांना आपण "ड्रोन" म्हणतो, पण फरक बैलगाडी आणि रेल्वेइतका आहे.

फवारणीचा ड्रोन साधारण १० लिटरची टाकी घेऊन उडतो. चार-सहा पंखे, बॅटरीवर चालतो, दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी उतरते. चालवणारा बांधावर उभा असतो आणि ड्रोन त्याच्या नजरेसमोर असतो.

अमेरिकेचा एमक्यू-१ प्रिडेटर हा हल्ल्याच्या ड्रोनपैकी सर्वांत गाजलेला. लांबी ८ मीटरच्या पुढे, मागे एक पंखा, पेट्रोल इंजिन, आणि जवळपास २४ तास हवेत राहण्याची ताकद. त्याच्यावर दोन हेलफायर क्षेपणास्त्रं बसायची. त्याच्यानंतरचा एमक्यू-९ रीपर आणखी मोठा: पंखांची रुंदी २० मीटर, सगळं लादून वजन पावणेपाच टनांच्या आसपास, आणि ५० हजार फुटांपर्यंत जाण्याची क्षमता. इतक्या उंचीवरचा ड्रोन जमिनीवरून सहसा दिसत नाही.

हेलफायर क्षेपणास्त्राचं वजन ५० किलोच्या आत असतं. ड्रोन खालच्या जागेवर लेझरचा ठिपका धरून ठेवतो आणि क्षेपणास्त्र त्या ठिपक्याकडे जातं. त्याचा वेग आवाजापेक्षा जास्त असतो.

इलियास काश्मिरी कोण होता?

इलियास काश्मिरी हा पाकव्याप्त काश्मीरमधला. हरकत-उल-जिहाद-अल-इस्लामी या संघटनेचा कमांडर. '३१३ ब्रिगेड' नावाची त्याची टोळी होती आणि पुढे तो अल-कायदाच्या वरच्या फळीत पोहोचला. अमेरिकेने ऑगस्ट २०१० मध्ये त्याला जागतिक दहशतवादी जाहीर केलं. त्याच्या माहितीसाठी ५० लाख डॉलरचं बक्षीस होतं.

महाराष्ट्राशी त्याचा धागा जुळतो तो डेव्हिड हेडलीमुळे. हा तोच हेडली, ज्याने २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याआधी मुंबईत ठिकाणांची टेहळणी करून व्हिडिओ काढले होते. २००९ च्या सुरुवातीला हेडली वझिरिस्तानात काश्मिरीला भेटला. त्यानंतर मार्च २००९ मध्ये तो पुन्हा भारतात आला आणि दिल्लीतलं नॅशनल डिफेन्स कॉलेज आणि वेगवेगळ्या शहरांतली छाबड हाऊस म्हणजे ज्यूंची केंद्रं पाहून गेला. या फेरीत तो पुण्यालाही आला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टात व्हिडिओ कॉन्फरन्सवर साक्ष देताना त्याने पुण्याच्या टेहळणीबद्दल सांगितलं.

१३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला. १७ जणांचा जीव गेला. छाबड हाऊस तिथून जवळच. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: जर्मन बेकरीचा खटला वेगळ्या आरोपींवर चालला. हेडलीची टेहळणी आणि हा स्फोट जवळजवळच्या जागेत झाले म्हणून दोन्ही एकच, असा निष्कर्ष काढता येत नाही. पुढे आपण ओळखीबद्दल बोलणार आहोत, तेव्हा हा मुद्दा पुन्हा लागेल.

ड्रोन हल्ला कसा होतो? पाच टप्पे

१. शोध. सुरुवात आकाशात नाही, जमिनीवर होते. पैसे देऊन ठेवलेले खबरी, पकडलेल्या लोकांच्या चौकशा, फोनचे सिग्नल, या सगळ्यातून एखादं गाव, एखादं घर, एखादी गाडी पुढे येते.

२. पाळत. मग ड्रोन वर घिरट्या घालू लागतो. कोण कधी घरातून निघतं, कोणत्या गाडीत बसतं, मुलं कुठे खेळतात, पाहुणे कधी येतात. काही दिवस, कधी काही आठवडे. त्यातून त्या घराचा रोजचा दिनक्रम तयार होतो. गावात नवीन भाडेकरू आला की समोरच्या ओट्यावरचे लोक आठवड्याभरात त्याचं सगळं वेळापत्रक सांगू शकतात, तसंच हे. फक्त ओट्यावरचा माणूस चेहरा पाहतो, हाक मारतो, बोलतो. ड्रोनला तसं काही करता येत नाही.

३. ओळख पक्की करणं. कॅमेरा कितीही चांगला असला तरी वरून दिसतो तो माणसाचा माथा आणि सावली. रात्री तर थर्मल कॅमेरा वापरतात. त्यात शरीराची उष्णता दिसते, म्हणजे पांढरे ठिपके हलताना दिसतात. नाक-डोळे दिसत नाहीत. शिवाय झूम केल्यावर आजूबाजूचं काही दिसत नाही. कागदाची सुरळी करून एका डोळ्याने मैदान बघावं, तसं ते दृश्य असतं.

४. परवानगी आणि मारा. ड्रोन चालवायला किमान दोघं बसतात: एक पायलट आणि एक कॅमेरा-लेझर सांभाळणारा. ते अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटातल्या तळावर असू शकतात. ड्रोनचं चित्र उपग्रहामार्गे त्यांच्याकडे येतं आणि त्यांची आज्ञा उपग्रहामार्गे परत जाते. या येण्याजाण्यात एक-दोन सेकंदांचा उशीर होतो. गेम खेळताना पिंग वाढला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच उड्डाण आणि लँडिंग करायला ड्रोनच्या तळावर वेगळी टीम असते. आकाशात गेल्यावर सूत्रं लांबच्या टीमकडे जातात. मारा करायचा की नाही, हे मात्र पायलट एकटा ठरवत नाही. त्याच्यावर अधिकारी आणि वकिलांची साखळी असते.

५. खात्री. धूर खाली बसल्यावर ड्रोन तिथेच थांबतो आणि किती गेले, कोण पळालं ते पाहतो. पण गेलेला माणूस तोच होता का, हे वरून सांगता येत नाही. काश्मिरीच्या केसमध्ये नेमकी इथेच गंमत झाली. ती पुढे पाहू.

फोनवरून माणूस कसा सापडतो?

हा भाग आपल्या खिशाशी संबंधित आहे, म्हणून नीट वाचा.

तुमचा फोन चालू असला की तो सतत जवळच्या टॉवरशी बोलत असतो. भुसावळहून जळगावला जाताना फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो आणि त्या प्रत्येक उडीची नोंद कंपनीकडे राहते. त्या नोंदीत दोन नंबर महत्त्वाचे. एक सिमकार्डचा, दुसरा हँडसेटचा. हँडसेटच्या नंबरला आयएमईआय म्हणतात. *#०६# डायल केलं की तो स्क्रीनवर दिसतो. सिम बदललं तरी हँडसेटचा नंबर तोच राहतो.

कोणाला फोन केला, कधी केला, किती वेळ, कुठून, या माहितीला मेटाडेटा म्हणतात. काय बोललात ते यात नसतं. तरीही यावरून माणसाचं अर्धं आयुष्य उलगडतं. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही संस्थांचे प्रमुख राहिलेले मायकेल हेडन यांनी २०१४ मध्ये जाहीर चर्चेत कबूल केलं की मेटाडेटाच्या आधारे आम्ही माणसं मारतो.

नोव्हेंबर २००२ मध्ये येमेनमध्ये अल-हरेथी नावाचा अल-कायदाचा म्होरक्या गाडीतून जाताना ड्रोनने मारला गेला. तो फोनच्या सिग्नलवरून सापडला होता. जून २००४ मध्ये पाकिस्तानच्या दक्षिण वझिरिस्तानात नेक मोहम्मद मारला गेला. पाकिस्तानातला हा पहिला ड्रोन हल्ला. तिथेही सॅटेलाइट फोनचीच चर्चा झाली.

पण यात एक मोठी फट आहे. फोन सापडला म्हणजे माणूस सापडला असं नाही. तुमचा फोन आज चुलत भावाच्या खिशात असेल, सिम आईच्या नावावर असेल, हँडसेट सेकंडहँड घेतलेला असेल. आपल्या घरात चालतं तसंच वझिरिस्तानातल्या घरातही चालतं. सिग्नल सांगतो की फोन इथे आहे. तो कोणाच्या हातात आहे, हे दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने कळावं लागतं.

काश्मिरी दोनदा "मेला"

सप्टेंबर २००९ मध्ये बातमी आली की उत्तर वझिरिस्तानातल्या ड्रोन हल्ल्यात इलियास काश्मिरी ठार. पाकिस्तानी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने ती जगभर छापून आली. पुढच्याच महिन्यात काश्मिरीने सय्यद सलीम शहजाद या पाकिस्तानी पत्रकाराला मुलाखत दिली. म्हणजे माणूस जिवंत होता.

मग ३ जून २०११ ची रात्र. दक्षिण वझिरिस्तानात वानाजवळ ड्रोनमधून क्षेपणास्त्रं सुटली. नऊ जण मेल्याचं सांगितलं गेलं आणि त्यात काश्मिरी असल्याचं त्याच्याच संघटनेच्या नावाने आलेल्या निवेदनात म्हटलं होतं. पण पुरावा काय? तो भाग पत्रकारांना बंद. मृतदेह कोणाच्या हाती नाही, डीएनए तपासणी नाही. एक फोटो मात्र फिरू लागला: "हा बघा काश्मिरीचा मृतदेह".

तो फोटो २६/११ ला मुंबईत मारल्या गेलेल्या एका हल्लेखोराच्या फोटोशी जुळत असल्याचं लक्षात आलं. म्हणजे जून २०११ च्या बातमीसोबत नोव्हेंबर २००८ चा मुंबईतला फोटो फिरत होता. अमेरिकेचे अधिकारीही सुरुवातीला जपूनच बोलत होते. त्यानंतर काश्मिरी पुन्हा कधी समोर आला नाही आणि तो त्या हल्ल्यात मेला हे आता मानलं जातं.

ओळख बरोबर ठरली तर, आणि चुकली तर

बरोबर ठरलेली केस. ३१ जुलै २०२२ ची सकाळ, काबूल. अल-कायदाचा प्रमुख अयमान अल-जवाहिरी घराच्या बाल्कनीत उभा असताना दोन हेलफायर आली. अमेरिकेने सांगितलं की आधी त्याचं कुटुंब त्या घरात राहायला आल्याचं कळलं, मग कित्येक महिने त्याच्या सवयी टिपल्या, घराचं मॉडेल बनवून राष्ट्राध्यक्ष बायडेन यांना दाखवलं. तो स्वतः घराबाहेर पडत नव्हता, पण बाल्कनीत रोज यायचा. ती सवय त्याला भोवली. घरातल्या बाकी कोणाला इजा झाली नाही, असं अमेरिकेचं म्हणणं आहे.

चुकलेली केस. त्याच काबूलमध्ये ११ महिने आधी, २९ ऑगस्ट २०२१ ला, अमेरिकी ड्रोन एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाच्या मागे सुमारे आठ तास होता. गाडीत भरलेल्या वस्तू बॉम्बचं सामान आहेत, असं पाहणाऱ्यांना वाटलं. गाडी घराच्या आवारात शिरली आणि मारा झाला. गाडी चालवणारा एका मदतसंस्थेचा कर्मचारी होता. गाडीत पाण्याचे कॅन होते. एकूण १० जण गेले, त्यातली ७ मुलं. आधी अमेरिकेने हा हल्ला योग्यच असल्याचं सांगितलं. पत्रकारांनी खोलात जाऊन तपास केल्यावर १७ सप्टेंबरला चूक मान्य केली.

ड्रोन तसाच, क्षेपणास्त्रंही हेलफायरच. फरक होता तो ओळखीत.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात नावच माहीत नसतं. वागणुकीवरून ठरवतात: हत्यारबंद पुरुष, एकत्र जमलेत, संशयित भाग आहे, म्हणजे दहशतवादी असणार. १७ मार्च २०११ ला उत्तर वझिरिस्तानात दत्ता खेल इथे असाच जमाव टिपला गेला. तिथे क्रोमाइटच्या खाणीचं भांडण मिटवायला जिरगा, म्हणजे आपल्याकडच्या पंचायतीसारखी बैठक भरली होती. सुमारे ४० माणसं मेली, त्यात गावचे वडीलधारे बरेच होते.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या धुळे जिल्ह्याकडे बघा. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने "मुलं पळवणारी टोळी" समजून ठार मारलं. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज आणि व्हिडिओ फिरत होते. अनोळखी कपडे, अनोळखी बोली, गावात फिरणं, एवढ्यावर ओळख "पटली". ड्रोन हल्ला आणि जमावाची मारहाण या वेगळ्या गोष्टी आहेत, एकामागे सरकार आहे आणि दुसऱ्यामागे अफवा. पण चुकीची सुरुवात दोन्हीकडे एकाच जागी होते: दिसण्यावरून आणि संशयावरून माणूस कोण ते ठरवून टाकणं, आणि त्याला बोलायची संधी न देणं. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

हे कायदेशीर आहे का?

यावर जगात एकमत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी काँग्रेसने अल-कायदाविरुद्ध बळ वापरायची परवानगी दिली. अमेरिका त्याचा आणि स्वसंरक्षणाचा आधार घेते. विरोधकांचं म्हणणं असं की युद्ध जाहीर नसलेल्या देशात, कोर्टात उभं न करता माणसाला मारणं म्हणजे खटल्याविना फाशी. पाकिस्तानातल्या पेशावर हायकोर्टाने २०१३ मध्ये हे हल्ले बेकायदेशीर ठरवले.

मृतांच्या आकड्यांवरही वाद आहे. लंडनच्या ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझमने २००४ ते २०१८ दरम्यान पाकिस्तानात ४३० हल्ले मोजले. त्यांच्या अंदाजाने त्यात किमान ४२४ आणि जास्तीत जास्त ९६९ सामान्य नागरिक मेले. या दोन आकड्यांमधलं अंतरच सांगतं की मेलेला माणूस कोण होता हे नंतर शोधणंही किती कठीण आहे.

तुलनेसाठी दुसरा मार्गही बघा. अजमल कसाब मुंबईत जिवंत पकडला गेला, खटला चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला पुण्यात येरवडा जेलमध्ये फाशी झाली. जवळपास चार वर्षं लागली. पण फाशी गेलेला माणूस कोण होता, याबद्दल शंका उरली नाही.

भारताकडे असे ड्रोन आहेत का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला. त्यातले १५ नौदलासाठी, लष्कर आणि हवाई दलासाठी प्रत्येकी ८.

दुसरा प्रकार म्हणजे घिरट्या घालणारं शस्त्र. हा ड्रोन क्षेपणास्त्र सोडत नाही, तो स्वतःच लक्ष्यावर जाऊन फुटतो. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये अशी शस्त्रं वापरली गेली. आपल्या महाराष्ट्रात, नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजच्या कंपनीत बनणारं नागास्त्र-१ याच जातीचं. वजन ९ किलोच्या आसपास, त्यात सुमारे १ किलोचा स्फोटक भाग, अर्ध्या तासापर्यंत उड्डाण. त्यात एक सोय आहे: लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम थांबवायची ठरली, तर ते पॅराशूटने परत उतरवता येतं. आतापर्यंत जे वाचलंत त्यावरून ही सोय किती मोलाची आहे ते कळेल. खात्री नसेल तर थांबता आलं पाहिजे.

ड्रोन हल्ल्याचा व्हिडिओ फोनवर आला तर काय तपासायचं?

१. व्हिडिओ गेममधला आहे का? आर्मा-३ नावाच्या गेमचे तुकडे खऱ्या युद्धाचे म्हणून वारंवार फिरवले जातात. हादरा नसलेला एकसारखा कॅमेरा, चकचकीत स्फोट आणि आवाजात गडबड दिसली की शंका घ्या.

२. जुना आहे का? व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका. काश्मिरीच्या "मृतदेहाचा" फोटो अशाच तपासणीत उघडा पडला असता.

३. मेल्याचं कोण सांगतंय? सरकार, त्याची संघटना की नुसतं "सूत्रांनुसार"? एकाच बाजूचं म्हणणं असेल तर थांबा. दोन्ही बाजूंनी तेच सांगितलं तर बातमीत दम आहे.

४. नावाशिवाय फक्त "दहशतवादी ठार" असं आहे का? मग ओळख कशी पटली, हा प्रश्न विचारा.

५. नक्की माहीत नाही? फॉरवर्ड करू नका. तुमच्या ग्रुपवर तुमचं नाव बघून लोक विश्वास ठेवतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ड्रोन स्वतःच ठरवून हल्ला करतो का?
या लेखातल्या सगळ्या हल्ल्यांत निर्णय माणसांनी घेतलेला होता. मशीनने स्वतः लक्ष्य निवडावं की नाही यावर संयुक्त राष्ट्रांत चर्चा चालू आहे.

लोकेशन बंद केलं की फोनचं ठिकाण कळत नाही का?
सेटिंगमधलं लोकेशन बंद केलं की ॲपना जीपीएस मिळत नाही. पण फोन नेटवर्कवर आहे तोवर टॉवरची नोंद होतच राहते.

बिनस्फोटकाचं हेलफायर असतं का?
हो, आर९एक्स नावाचा प्रकार आहे. त्यात स्फोटकाऐवजी सहा पाती असतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कमी इजा व्हावी. जवाहिरीवर हेच वापरल्याचा तज्ज्ञांचा अंदाज आहे. अर्थात टार्गेटच चुकीचं असेल तर पात्यांचाही उपयोग नाही.

मी घरी ड्रोन उडवू शकतो का?
भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन आणि बिगर-व्यावसायिक वापरासाठी २ किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. मात्र विमानतळ आणि लष्करी ठिकाणांजवळ वेगळे नियम आहेत. जळगावला विमानतळ आहे, भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. म्हणून उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर आपला झोन नक्की तपासा.

पुढच्या वेळी "ड्रोन हल्ल्यात म्होरक्या ठार" अशी बातमी आली की ड्रोन कोणता होता हे तर बघाच, पण त्याआधी एक ओळ शोधा: मेलेला माणूस तोच होता, हे कोणी आणि कशावरून सांगितलं? बातमीत ती ओळ नसेल तर बातमी अजून पूर्ण झालेली नाही.